किनाऱ्यावरची सोबत

उतारवयात प्रवासाला निघताना औषधांची पिशवी आधी भरली जाते आणि कपड्यांची नंतर. मुक्कामाच्या जागी पायऱ्या किती आहेत, स्वच्छतागृह कोणत्या पद्धतीचे आहे, जवळपास डॉक्टर आहेत का, हे सारे आपण दूरध्वनीवरून विचारून घेतो. एक चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही, ती म्हणजे तिथे कायम वस्तीला असलेल्या मुक्या रहिवाशांची. कोकणातला कोणताही समुद्रकिनारा घ्या. पहाटे वाळूवर पहिली पावले उमटतात ती कुत्र्यांची. मासळी उतरते तिथे मांजरे असतात. भातकापणीनंतर उनाड सोडलेली गुरे ऊन कलले की वाळूत येऊन बसतात, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतून माकडांचा वावर असतो. आपण आठ दिवसांचे पाहुणे आणि ते बारमाही वस्तीकर. त्यांच्याशी कसे वागावे, हा प्रश्न वृद्धांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे, हे मला गेल्या जानेवारीत गुहागरच्या मुक्कामात उमगले.

माझे वय बहात्तर. पत्नी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. चार वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. नावे गेली, वार गेले, गॅस बंद केला की नाही हे आठवेनासे झाले. या आजाराबद्दल बोलताना लोक काय काय विसरले जाते याची यादी करतात. भीती हीसुद्धा एक प्रकारची स्मृतीच आहे, हे मात्र मला अनुभवानेच कळले. विस्तव भाजतो, रस्त्यावरून वाहने येतात, अनोळखी कुत्र्याच्या तोंडाशी हात नेऊ नये, ही सारी शिकलेली भीती असते. तिच्या बाबतीत ती हळूहळू पुसट होत गेली. उरले ते बालपण. माहेरच्या अंगणातला मोत्या नावाचा कुत्रा तिच्या मनात अजून जिवंत आहे, आणि वाटेत दिसणारा प्रत्येक कुत्रा तिच्या लेखी मोत्याच असतो. पुण्यात आमच्या गल्लीतून जाताना मी तिचा दंड घट्ट धरून चालतो, कारण ती हात पुढे करून थेट जनावराकडे निघते.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आम्ही गुहागरला पोहोचलो. सुरूच्या बनामागे लांबच लांब वाळू, आणि बनाच्या अलीकडे घरगुती निवासाची एक कौलारू वास्तू. घराच्या मालकीणबाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला आजी-आजोबा करून टाकले. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर एक भुरकट रंगाची कुत्री आपल्या दोन पिल्लांसह पसरली होती. तिचे नाव अर्थातच भुरी.

आपल्याकडे कुत्र्यांचा विणीचा हंगाम बहुधा भाद्रपदाच्या सुमारास असतो, हे जुन्या पिढीला सांगायला नको. सुमारे दोन महिन्यांचा गर्भकाळ धरला तर कार्तिक-मार्गशीर्षात गावोगावी पिल्ले दिसू लागतात. नेमका हाच पर्यटनाचा हंगाम. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर आपली गाठ ज्या कुत्र्यांशी पडते त्यांतल्या कित्येक लेकुरवाळ्या असतात. एरवी पायाशी लोळण घेणारी कुत्री पिल्लांपाशी कोणी वाकले की गुरगुरते. तो तिचा दुष्टपणा नव्हे, आईपण आहे. पण वाकलेल्या माणसाचा तोल सांभाळण्याचे वय निघून गेलेले असेल, तर त्या गुरगुरण्याने दचकून पडण्याचा धोका चाव्याइतकाच मोठा असतो. सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडले तर त्याची किंमत किती मोठी असते, हे या पाक्षिकाच्या वाचकांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी पडवीत खुर्चीवर बसली होती. भुरी आपणहून उठली, तिचा पदर हुंगला आणि तिच्या चपलांशेजारी अंग टाकून झोपली. त्यानंतर जे घडले ते मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. पत्नी बोलू लागली. सलग, न अडखळता, माहेरच्या गोठ्याबद्दल, आंब्याच्या झाडाबद्दल, मोत्याने एकदा सापाची वाट अडवली त्याबद्दल. सत्य किती आणि कल्पना किती, हे तपासायची मला गरज वाटली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते कोणत्याही गोळीने आणले नव्हते.

आता माझ्यापुढे पेच उभा राहिला. जनावरापासून तिला सर्वस्वी दूर ठेवणे सोपे होते. शुश्रूषा करणाऱ्याला 'नको' हा शब्द फार लवकर सवयीचा होतो. एकटे बाहेर जाणे नको, तेलकट नको, पाण्यात पाय नको. प्रत्येक नकारामागे काळजी असते, पण असे नकार साचत गेले की आजारी माणसाच्या दिवसात औषधांखेरीज काही उरत नाही. दुसरीकडे, तिला मोकळे सोडणेही शक्य नव्हते. तेव्हा मी ठरवले की ही सोबत चालू ठेवायची, मात्र तिला नियमांचे कुंपण घालायचे.

ते नियम साधे आहेत आणि कोणत्याही किनाऱ्यावर उपयोगी पडतील, म्हणून सांगतो. कुत्र्याने आपल्याकडे यावे, आपण त्याच्याकडे जाऊ नये. झोपलेल्या, खात असलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. शेपूट हलते आहे म्हणजे प्रेमच आहे असे समजू नये. शेपूट वर ताठ, अंग आखडलेले आणि नजर रोखलेली असेल तर ती सूचना असते. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा त्याचा स्वभावधर्म आहे. हात शरीरालगत ठेवून स्थिर उभे राहावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, आणि तो शांत झाल्यावर पाठ न फिरवता सावकाश दूर व्हावे. हातातली काठी उगारू नये. ती जमिनीला टेकलेलीच राहू द्यावी, तोलही सांभाळला जातो आणि कुत्र्यालाही धाक वाटत नाही. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना मागून येणाऱ्या कुत्र्याची चाहूल लागत नाही, म्हणून सोबत्याने त्यांच्या किंचित मागे चालावे. पहाटेचा अंधार आणि रात्र या वेळा कुत्र्यांच्या टोळ्यांच्या असतात. आपला फेरफटका उजाडल्यावर आणि दिवेलागणीच्या आत उरकावा.

इतर प्राण्यांचेही असेच. वाळूत रवंथ करत बसलेली गाय कितीही गरीब दिसली तरी ती आणि तिचे वासरू यांच्या मधून जाऊ नये. माकड दिसले की हातातला खाऊ पिशवीत जावा, आणि ती पिशवी ओढली गेलीच तर सोडून द्यावी. खेचाखेचीत माणूस पडतो. आणि मांजर मांडीवर घेण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे, की रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो हा समज चुकीचा आहे. मांजर, माकड किंवा इतर सस्तन प्राण्याच्या चाव्याने वा ओरखड्यानेही तो होऊ शकतो.

पत्नीसाठी मी आणखी एक नियम केला. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आपल्याला काय झाले हे सांगू शकत नाही. वेदना जाणवते, पण तिचे कारण मिनिटभरात विसरले जाते. म्हणून रोज संध्याकाळी तिचे पाय कोमट पाण्याने धुताना तळवे, घोटे, पोटऱ्या, हात आणि कोपरे उजेडात पाहायची. मधुमेही माणसाच्या पायांसाठी डॉक्टर हीच शिस्त सांगतात. दिवसाकाठी पाच मिनिटे पुरतात.

चौथ्या संध्याकाळी त्या पाच मिनिटांनी आपले मोल दाखवले. डाव्या पोटरीवर दोन बारीक समांतर रेघा होत्या आणि त्यांवर वाळलेल्या रक्ताचे ठिपके. दुपारी ती मालकीणबाईंसोबत परसात बसली होती. तिथे भुरीची पिल्ले खेळत होती, घरची मांजर होती, आणि कुंपणाला करवंदीची काटेरी जाळीही होती. मी विचारले, "हे कशाने लागलं?" तिने रेघांकडे असे पाहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा पाय आहे.

शेजारच्या एका वयस्क गृहस्थांनी हळद आणि चुना लावण्याचा सल्ला दिला. त्यांच्या मायेबद्दल शंका नव्हती. पण अशा जखमेवर हळद, चुना, तिखट, तेल किंवा कॉफीची पूड यांपैकी काहीही लावू नये. जखम चोळली जाते, आत काही शिरले असेल तर ते अधिक खोल जाते. पहिला उपचार प्रत्येक घरात असतो, साबण आणि वाहते पाणी. जखम पूर्ण १५ मिनिटे धुवायची. रेबीजच्या विषाणूला साबण मानवत नाही, त्याचे बाहेरचे आवरणच त्याने विस्कटते. मात्र १५ मिनिटे हा काळ घड्याळ लावून पाहिला तर फार मोठा असतो, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला एका जागी बसवून ठेवणे त्याहून अवघड. मी तिला न्हाणीतल्या नळाखाली स्टुलावर बसवले आणि रामरक्षा सुरू केली. पहिल्या ओळीनंतर ती माझ्या पुढे गेली. नातवाचे नाव तिच्या ओठांवर येत नाही, पण रामरक्षा अखंड येते. दोनदा म्हणून झाली तेव्हा घड्याळात सोळा मिनिटे झाली होती. नंतर जंतुनाशक लावले, पट्टी बांधली नाही आणि मालकीणबाईंच्या मुलाने आणलेल्या रिक्षातून आम्ही सरकारी रुग्णालय गाठले.

तिथे एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी पत्नीला खुर्चीवर बसवून मायेने विचारले, "आजी, कोणी ओरबाडलं तुम्हाला?"

"मोत्यानं," ती म्हणाली, "पण मुद्दाम नाही हो."

मी मोत्याची हकिकत सांगितली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "आजींना सांगता येत नाही, तुम्ही पाहिलेलं नाही, आणि आसपास प्राणी होते. अशा वेळी काटाच असेल असं आपण धरून चालत नाही. प्राण्याचा ओरखडा आहे असं समजूनच उपचार करायचे."

हा तर्क प्रत्येक शुश्रूषकाने मनात कोरून ठेवावा असा आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की आजार जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे त्याने दगावतात, आणि वेळेवर उपचार मिळाले तर हे मृत्यू टळू शकतात. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातो. या प्रवासाला त्याला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात. लस आपल्याला जी संधी देते ती याच अवधीत. निष्कारण घेतलेल्या लशीने फारसे बिघडत नाही, न घेतलेल्या लशीची भरपाई मात्र होत नाही.

डॉक्टरांनी धोक्याच्या तीन श्रेणी समजावल्या. धडधाकट त्वचेला प्राण्याने चाटले असेल तर धुण्यापलीकडे उपचार लागत नाहीत. रक्त न आलेला किरकोळ ओरखडा असेल तर लस. रक्त आले असेल, चावा त्वचेच्या आत गेला असेल किंवा प्राण्याची लाळ डोळ्यांना, तोंडाला वा उघड्या जखमेला लागली असेल तर लशीबरोबरच जखमेत आणि तिच्या भोवती तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, ज्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. लशीमुळे शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करेपर्यंतचा काळ ते इंजेक्शन सांभाळते. पत्नीच्या पोटरीवर रक्त दिसले होते, म्हणून ती तिसऱ्या श्रेणीत गणली गेली. धनुर्वाताच्या लशीचीही विचारपूस झाली. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, मधुमेह आहे का, हे त्यांनी विचारले. अशा वेळी औषधांची यादी जवळ असावी. वय झाले म्हणून ही लस टाळण्याचे कारण नाही.

लस म्हटल्यावर माझ्या पिढीच्या पोटात गोळा येतो, कारण आम्हाला पोटातली चौदा इंजेक्शने आठवतात. ती मेंढीच्या मज्जातंतूंपासून बनवलेली जुनी लस होती. आपल्या देशात तिचा वापर थांबून आता दोन दशके झाली. आजची लस दंडात दिली जाते. सरकारी केंद्रांत बहुधा ती त्वचेच्या थरात, दोन्ही दंडांवर अगदी थोड्या मात्रेत देतात. पहिला दिवस शून्य मानून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस असे तिचे वेळापत्रक असते. स्नायूत द्यायच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची मात्राही असते. चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने कित्येक वृद्ध आजही चावा घरच्यांपासून लपवतात. आपल्या घरातल्या ज्येष्ठांना ही एक गोष्ट आजच सांगून ठेवावी.

निघताना डॉक्टर म्हणाल्या, "ती कुत्री, पिल्लं आणि मांजर यांच्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. उपचार मात्र त्यासाठी थांबवायचे नाहीत." कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेतून विषाणू बाहेर पडत असेल तर ते जनावर दहा दिवसांच्या आत आजारी पडते वा मरते. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर ओरखड्याच्या वेळी त्याच्यापासून धोका नव्हता, असे समजते.

दुसऱ्या सकाळी मी पडवीत खुर्ची ठेवावी की नाही याचा विचार करत होतो, तोवर पत्नी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तो आला का?" मी खुर्ची ठेवली. फक्त एवढा बदल केला, की पिल्लांना परसात बांबूच्या कुडापलीकडे ठेवण्याची विनंती केली, आणि पत्नीला साडीखाली जाड पायमोजे घातले. भुरी आली आणि नेहमीच्या जागी झोपली. मी शेजारी बसून राहिलो.

त्या दिवसांत किनाऱ्यावर एका जागी कुंपण घातलेले दिसले. या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री वाळूत अंडी घालून परत जातात. कुत्री आणि कोल्हे ती उकरून खातात, म्हणून अंडी कुंपणाच्या आत हलवली जातात, आणि साधारण पन्नास दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले समुद्रात सोडली जातात. पडवीत शहाण्यासारखे झोपणारे कुत्रे रात्री अंडी उकरायला जात असेल, हे मान्य करायला मन तयार होत नाही. परंतु त्याला दोष देऊन काय साधणार? आपण पर्यटक हंगामात बिस्किटे आणि उरलेसुरले अन्न किनाऱ्यावर टाकतो, त्या आधाराने कुत्र्यांची संख्या वाढते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत पर्यटक नाहीसे होतात तेव्हा ती उपाशी राहतात. आठ दिवसांच्या मायेने त्यांचे भले होतेच असे नाही.

खरे भले लसीकरणाने आणि निर्बीजीकरणाने होते. शेजारच्या गोव्याचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तिथे शासन आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी वर्षानुवर्षे भटक्या कुत्र्यांचे व्यापक लसीकरण केले, शाळांमधून मुलांना शिकवले, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. सहलीत अशी खाच असलेला कान दिसला तर त्या गावात कोणीतरी हे काम करते आहे, असे समजावे. आपल्याला काही द्यायचेच असेल तर बिस्किटांच्या पुड्यापेक्षा त्या कामाला हातभार लावावा. मी मालकीणबाईंजवळ भुरीच्या आणि पिल्लांच्या लशीसाठी पैसे ठेवले. त्यांनी आढेवेढे घेतले, मग ठेवून घेतले.

तिसऱ्या दिवसाची मात्रा तिथेच झाली आणि आम्ही पुण्यास परतलो. पुढच्या मात्रा घराजवळच्या केंद्रात मिळाल्या. त्यासाठी रुग्णालयाने दिलेले लसीकरणाचे पत्रक पुरेसे झाले. ते पत्रक जपून ठेवायचे असते, कारण एकदा लशीचा क्रम पूर्ण झालेल्या व्यक्तीला पुन्हा प्राणी चावला तर शून्य आणि तिसरा दिवस अशा दोनच मात्रा पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही.

दहा दिवसांपैकी पहिले चार आम्ही स्वतः पाहिले होते. उरलेल्या सहा दिवसांचा हिशेब मालकीणबाई रोज संध्याकाळी सातला दूरध्वनी करून देत. "आजोबा, भुरी बरी आहे. पोरं हुंदडतायत. मांजरी आत्ताच दूध पिऊन गेली." मी ध्वनिवर्धक सुरू करून पत्नीला ऐकवत असे. एकदा पलीकडून भुरीचे भुंकणे ऐकू आले, तेव्हा ती खुदकन हसली.

दहावा दिवस निर्विघ्न पार पडला. मालकीणबाईंचे आभार मानून मी म्हणालो, आता उद्यापासून तुम्हाला तसदी नको. दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास मी स्वयंपाकघरात होतो. बाहेर येऊन पाहिले तर पत्नी फोनजवळच्या खुर्चीवर येऊन बसली होती. वार, तारीख, गुहागर, यातले काही तिला आठवत नव्हते. मी तिच्या शेजारी बसलो आणि मालकीणबाईंना फोन लावला.